बेस गिटारचा ब्रिज बदलला तेव्हा

शालिकमामानं ती गिटार पहिल्यांदा आमच्या घरी आणली तेव्हा ती ठेवायची कुठं, हाच मोठा प्रश्न झाला. सपरीत, म्हणजे पडवीत ठेवली तर कोंबड्या चढणार. स्वयंपाकघरात धूर. देवाजवळ ठेवायला माय तयार नव्हती, कारण गिटारचा पट्टा चामड्याचा होता. शेवटी धान साठवायच्या खोलीत भिंतीला एक लाकडी खुंटी ठोकली आणि तिच्यावर ती टांगली. त्या खोलीत धानाचा कोरडा, घशात बसणारा वास असायचा. उंदरांसाठी ठेवलेलं मांजर कोठीवर झोपलेलं असायचं. मी दुपारी दार लोटून तिथं बसायची आणि स्पीकरशिवायच वाजवायची. स्पीकर नसला की त्या गिटारचा आवाज इतका हळू येतो की वाजवणाऱ्याला तो कानापेक्षा पोटातच जास्त कळतो. गिटारचं लाकूड बरगडीला टेकलेलं असलं की जाड तार छेडताच आतून काहीतरी हलतं. मला तेच फार आवडायचं.

घरात आम्ही तिघंच. बाबूजी, माय आणि मी. बोलणं पोवारीत चालायचं. आमचे पूर्वज कधीकाळी माळव्यातून इकडं आले, ती भाषा त्यांनी बरोबर आणली आणि पुढं तिच्यात इथलंच पाणी मिसळत गेलं. ती जशीच्या तशी इथं उतरवली तर माझ्या सुनेलासुद्धा कळायची नाही. म्हणून घरातलं बोलणं मी गावच्या झाडीबोलीत लिहिते आहे. तीही आम्हाला परकी नव्हतीच. गाव आमगावच्या पुढं, दरेकसाच्या डोंगराकडे तोंड करून. चारही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि त्यांच्या पलीकडे रेल्वे. मालगाडी चढाला लागली की तिचं धापा टाकणं आमच्या अंगणात ऐकू यायचं, आणि माय पेज ओतता ओतता म्हणायची, "चढली बाप्पा एकदाची."

मी गिटार वाजवायला लागले ते अगदी योगायोगानं. कॉलेजसाठी मी गोंदियाला मामाकडे राहायची. मामाचा ऑर्केस्ट्रा होता. तो स्वतः कीबोर्ड वाजवायचा, गाणाऱ्यांना शिव्या घालायचा आणि लग्नाच्या मोसमात महिना महिना दाढी करायचा नाही. त्याचा बेस वाजवणारा मुलगा नोकरी लागून भिलाईला निघून गेला आणि कार्यक्रम तर तोंडावर आलेला. मामानं हॉलमध्ये सगळ्यांकडे एकदा बघितलं, मग चहाचे कप गोळा करत असलेल्या माझ्याकडे बघितलं. "कला, तू इधर आ," तो म्हणाला. "तू हर गाने में ताल धरून पाय हलवून राहते ना? तेच आता बोटानं कर." गोंदियात असंच बोलतात, अर्धं हिंदी आणि अर्धं आपलं. मी गिटार गळ्यात घातली आणि तिच्या वजनानं पुढं झुकले. सगळे हसले. पण चार गाणी मला जमली, मग आठ जमली, आणि भिलाईला गेलेल्या मुलाचं नावही कुणी काढेना.

आमच्याकडे बेस म्हणजे चांगलं. भाजी बेस झाली, पोरगा बेस आहे, असं म्हणतात. त्यामुळे गावात मी बेस गिटार वाजवते म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी गंभीरपणे विचारलं होतं, "अन् वाईट गिटार कोन वाजवते मंग?" मायला मात्र या सगळ्याचा अभिमानही होता आणि धास्तीही. कार्यक्रमाला मामा बरोबर असायचा म्हणून तिनं जाऊ दिलं. बाबूजी काही बोलायचे नाहीत. पण पंचक्रोशीत कुठं आमचा कार्यक्रम असला की तिथं त्यांना हटकून काहीतरी काम निघायचं. बैल बघायचा असायचा, नाहीतर कुणाची तब्येत विचारायची असायची.

दिवाळीनंतर धान चुरायचे, म्हणजे मळणीचे दिवस आले की मी कॉलेज बुडवून घरी यायची. तो काळ मला आजही नाकानं आठवतो. खळ्यावर पेंढ्यांचा डोंगर, हवेत तूस, मळणीयंत्राच्या डिझेलचा वास, आणि घरून येणारी शिदोरी. गरम भात, लाखोळीची डाळ, भेदराची म्हणजे टोमॅटोची चटणी, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकलेला. मळणीयंत्राच्या तोंडाशी बाबूजी उभे राहून पेंढ्या आत सारायचे आणि मी त्यांच्या हातात पेंढ्या द्यायची. त्या दुपारी ते पाणी प्यायला वळले आणि त्यांच्या जागी मी उभी राहिले. "हात चालव, इंजिन रिकामं फिरून राहिलं," ते मागून म्हणाले. इतकंच म्हणाले. रोजच म्हणायचे. पेंढीची दोरी माझ्या डाव्या मनगटाला कशी गुंतली ते मला आजही सांगता येत नाही. मला आठवतं ते एवढंच, की बाबूजींनी इंजिनचा पट्टा हातानं ओढून पाडला आणि नंतर सगळं एकदम शांत झालं.

हात वाचला. डॉक्टरांनी शिवून काढला, पण आतल्या शिरा कापल्या गेल्या होत्या. टाके निघाले तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आतल्या बाजूला वळलेलं राहिलं. मधलं बोट हलायचं, पण त्याच्यात जोर नव्हता. "घरची कामं करता येतील," डॉक्टर म्हणाले. आम्हाला धीर द्यायलाच म्हणाले ते. मायनं मान डोलावली. मी विचारलं, "तार दाबता येईल का?" त्यांना प्रश्न कळला नाही आणि मायनं मला दवाखान्याच्या बाहेर आणलं.

मग घर वेगळं झालं. मायनं मला शिक्षा दिल्यासारखी कामं लावली. रोज सकाळी तांदळाचं पीठ कोमट पाण्यात मळायचं, तेही डाव्या हातानंच. ते पीठ नीट मळलं जायचं नाही. त्याच्या भाकरी तव्यावर फाटायच्या आणि आम्ही त्या फाटक्या भाकरी जवसाच्या चटणीबरोबर निमूट खायचो. मी रडायला लागले की माय म्हणायची, "कायले रडून राहिली? हात जाग्यावर हाये ना? मळ." बाबूजी तेव्हा उठून बाहेर जायचे. त्यांनी अवजारांची पत्र्याची पेटी माळ्यावर टाकून दिली होती. नांगराचा खिळा जरी निघाला तरी ते दुसऱ्या कुणाला बोलवायचे. पुढचं चुरणं भाड्याच्या माणसांकडून करवायचं, असं त्यांनी चार महिने आधीच जाहीर करून टाकलं. माझ्याशी ते बोलायचे, पण माझ्या हाताकडे बघायचे नाहीत. मी त्यांना पाण्याचा पेला डाव्या हातानं दिला तर ते नजर पेल्याच्या वर, दाराकडे ठेवून तो घ्यायचे.

गिटार मामा परत घेऊन गेला होता. मामानं डोंगरगडचा साहू नावाचा एक मुलगा माझ्या जागी आणला होता. तो लांबच्या गाडीत पॅन्ट्रीमध्ये काम करायचा, हावड्यापर्यंत जायचा आणि यायचा, आणि मधल्या सुट्टीत आमच्या ऑर्केस्ट्रात माझी गिटार वाजवायचा. मी त्याला पाहिलंही नव्हतं, पण मला तो मनापासून नकोसा होता. मामा घरी आला की मी विचारायची, "कसा वाजवते तो?" मामा म्हणायचा, "ठीकठाक." हे ठीकठाक मला दिवसभर पुरायचं. कधी चांगल्या अर्थानं, कधी वाईट.

रोवणी झाली, धान पोटरीवर येऊन पिकत आलं, आणि दिवाळी दहा-बारा दिवसांवर असताना एके दिवशी भर दुपारी तोच साहू आमच्या अंगणात उभा राहिला. काळासावळा, उंच, पॅन्ट्रीतला निळा शर्ट अंगात, आणि पाठीला माझी गिटार. स्टेशनवरून चालत आला होता. मायनं त्याला पाणी दिलं, मग तो पाहुणा असल्यासारखा खाटेवर न बसता जमिनीवरच बसला आणि गिटार त्यानं मांडीवर आडवी ठेवली.

"दीदी, ये आपका बेस है. आप सम्हालो," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मेरा हाथ देखा है?"

त्यानं हात बघितला. नीट बघितला. त्या वर्षात माझ्या हाताकडे असं सरळ बघणारा तो पहिलाच माणूस. मग तो म्हणाला, "देखा. लेकिन इसमें तो मेरा भी उंगली दुखता है. ये देखो ना."

आणि त्यानं मला गिटारचा ब्रिज दाखवला. जी वस्तू मी दोन मोसम पोटाशी धरून वाजवली, तिच्याकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. ब्रिज म्हणजे गिटारच्या खालच्या टोकाला लाकडावर स्क्रूनं बसवलेली धातूची पट्टी. चारही तारा तिच्यात अडकवलेल्या असतात आणि प्रत्येक तारेखाली एक छोटीशी घोडी असते, तंबोऱ्याला असते तशीच, फक्त लोखंडाची आणि वरखाली करता येणारी. माझ्या गिटारचा ब्रिज साध्या वाकवलेल्या पत्र्याचा होता. तारांच्या ताणानं तो मागच्या बाजूनं लाकडावरून उचलला गेला होता. खाली नख जात होतं. घोड्यांचे स्क्रू गंजून जाम झाले होते. म्हणून तारा लाकडापासून इतक्या उंच राहिल्या होत्या की प्रत्येक सुराला बोटाची पूर्ण ताकद लागायची. मला वाटायचं बेस अशीच असते. चांगला हात होता तोवर काही कळलं नाही.

साहूनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. पितळेचा जाड, जड ब्रिज. कलकत्त्याच्या वाद्यांच्या बाजारात त्यानं तो शोधला होता. "ये बैठ गया ना, तो तार एकदम नीचे आयेगा. इतना सा दबाओ, बस," असं म्हणून त्यानं आपलं बोट मायच्या सुपावर हलकेच ठेवून दाखवलं. मी त्याला विचारलं की तू हे माझ्यासाठी का करून राहिलास. त्यानं काही मोठेपणा दाखवला नाही. त्याची ड्यूटी बदलली होती, दिवाळीनंतर तो सलग गाडीवर असणार होता, आणि मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, कार्यक्रमाला नाही म्हटलं म्हणून मामानं त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं. "आप वापस आ जाओ दीदी, तो मैं छूटूं," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. ज्याचा मी वर्षभर मत्सर केला तो बिचारा माझ्या जागेवरून सुटायला धडपडत होता.

परतीच्या पॅसेंजरला थोडा वेळ होता, तेवढ्यात त्यानं तारा उतरवल्या आणि जुना ब्रिज काढला. एक स्क्रू तुटून लाकडातच राहिला. नवा ब्रिज ठेवून बघितला तर त्याची भोकं जुन्या भोकांवर बसेनात. त्यानं कपाळाला हात लावला. मग घाईघाईनं सगळं समजावून सांगितलं. जुनी भोकं लाकडाच्या काड्या घालून बुजवायची, वाळू द्यायची, नवी भोकं पाडायची. तारेच्या वरच्या टोकापासून गिटारच्या मानेवरच्या बाराव्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच पुढं मोजून घोड्या यायला हव्यात. इकडंतिकडं झालं तर वरचे सूर बेसूर वाजतील. "और नीचे ये एक पतला तार है, इसको तोड़ना मत. ब्रिज को छूना मंगता," एवढं बोलून तो उठलाच. मायनं त्याच्या हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी कोंबली आणि तो जवळजवळ पळतच बांधावरून स्टेशनकडे गेला.

तो गेला आणि गिटार खाटेवर तशीच पडून राहिली, तारा सुटलेल्या, पोटात भोकं. मामाला निरोप धाडला असता तर त्यानं नागपूरहून कुणाला बोलावलं असतं, पण कधी? मंडई भाऊबिजेनंतर लगेच होती, शेजारच्याच गावात. मामानं आधीच म्हणून ठेवलं होतं की साहू नाही आला तर दुसरा बघावा लागेल, आणि जो येईल तो कायमचा येईल. सारखी माणसं बदलून ऑर्केस्ट्रा चालत नाही. त्याचं चूक नव्हतं.

संध्याकाळी बाबूजी बांधीवरून आले आणि खाटेजवळ थबकले. मायनं त्यांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुमची पेटी काढा माळ्यावरून."

"मी नाई लावत हात त्याले," बाबूजी म्हणाले.

"काऊन? तुमच्या हाताले का झालं?"

मायनं भांडं आदळलं नाही की आवाज चढवला नाही. ती स्वतः शिडी लावून माळ्यावर चढली आणि धुळीनं भरलेली ती पेटी त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली. त्यांनी झाकणावरची धूळ तळहातानं पुसली. मग तिच्यातून त्यांनी चाकू काढला, कुंपणाची एक वाळलेली बांबूची कमची आणली आणि अंगणात बसून तिच्या बारीक काड्या तासायला लागले. मी शेजारी बसले. त्यांनी एकेक काडी सरसात बुडवून जुन्या भोकांत ठोकली. तुटलेला स्क्रू पकडीनं फिरवून फिरवून बाहेर काढला. कामात असताना ते मला नेहमीसारखे वाटले, म्हणजे त्या दुपारच्या आधीसारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काड्या वाळून पक्क्या झाल्या होत्या. मी अंतर सांगितलं, बाबूजींनी सुतळीला गाठी मारून ते मोजलं, उलटं करून पुन्हा मोजलं आणि लाकडावर खिळ्यानं खुणा केल्या. नवा ब्रिज खुणांवर ठेवला. तो हलू नये म्हणून मी एका बाजूला उजवा हात ठेवला आणि दुसऱ्या बाजूला डावा. बाबूजींनी बारीक गिरमिट उचललं, त्याचं टोक पितळेच्या भोकात धरलं, आणि तिथंच थांबले.

"हात काढ तठून," ते म्हणाले.

"काढला तं पट्टी सरकते, बाबूजी."

"सरकू दे."

"सरकली तं सूर जाते."

गिरमिटाचं टोक आणि माझी वळलेली करंगळी यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. बैलाला नुसत्या हातानं वेसण घालणारा माणूस तो. त्यांनी गिरमिट खाली ठेवलं आणि तळहात धोतराला पुसले. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. मला म्हणावंसं वाटत होतं की बाबूजी, तुमची काही चूक नव्हती. पण आमच्या घरात अशी वाक्यं कुणी कुणाला बोलायचं नाही, आणि मी बोलले असते तर ते उठूनच गेले असते.

माय चुलीजवळून हे सगळं बघत होती. ती आली, पदराला हात पुसत समोर बसली आणि तिनं आपला हात माझ्या डाव्या हाताला लागून, पितळेच्या पट्टीवर ठेवला.

"आता दोघीईचे हात हायेत," ती म्हणाली. "चालवा."

बाबूजींनी तिच्याकडे बघितलं, मग पहिल्यांदाच, सगळं घडून गेल्यापासून पहिल्यांदाच, माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. करंगळीकडे, टाक्यांच्या रेघेकडे, सगळीकडे. आणि गिरमिट फिरवायला सुरुवात केली. इतकं हळू की लाकडाचा एकेक कण वर येताना दिसत होता. पहिलं भोक झालं, त्यात स्क्रू बसला, तेव्हा पट्टी पक्की धरली गेली आणि आमचे हात काढता आले असते. आम्ही दोघींनीही काढले नाहीत. पाचही भोकं तशीच झाली.

तारा चढवल्या. गावच्या भजन मंडळाचं आवाज वाढवायचं मशीन आणि लाकडी खोक्यातला स्पीकर आमच्याकडेच ठेवलेला असायचा. त्याला वायर जोडली, बटण दाबलं, आणि स्पीकरमधून एक मोठा, सलग घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. कोंबड्या उडाल्या. शेजारच्या काकू कुडावरून डोकावल्या. मी आवाज कमी केला तरी घूं चालूच. बाबूजींचा चेहरा राखेसारखा झाला. "गेली," ते म्हणाले. "खराब केली म्या." आणि ते उठायला लागले.

पण मी तारांवर तळहात ठेवला आणि मला आठवलं की पूर्वी तारांना हात लागला की असली बारीक गुणगुण थांबायची. आता थांबत नव्हती. म्हणजे तारांचा आणि आतल्या त्या पातळ तारेचा संबंध तुटला होता. "बाबूजी, बसा," मी म्हटलं. "थे खालची तार लागत नसन." ब्रिज पुन्हा सोडवला. खाली बघतो तर तार जिथल्या तिथं होती, पण भोकं बुजवताना ओघळलेला सरस तिच्यावर पसरून वाळला होता. तिच्यावर पिवळ्या काचेसारखा थर बसला होता. बाबूजींनी दाढीच्या पात्यानं तो खरवडला, तांबं चकाकायला लागेपर्यंत खरवडला, मग तार सरळ करून पितळेखाली नीट घेतली आणि स्क्रू पुन्हा आवळले.

बटण दाबलं. स्पीकर बारीक खसखसला. मी तारांवर हात ठेवला आणि तेही थांबलं. अंगणात पातेल्यातली पेज शिजण्याचा आवाज ऐकू यायला लागला. आम्ही तिघंही श्वास धरून बसलो होतो हे मला तेव्हा कळलं, कारण तो तिघांनीही एकदम सोडला.

मग छोट्या किल्लीनं मी घोड्या खाली उतरवत नेल्या. जास्त उतरवल्या तर तार पट्ट्यांवर झरझरायची, मग थोडी वर. शेवटी एक जागा अशी आली की तार लाकडाच्या अगदी जवळ होती आणि तरी मोकळी वाजत होती. मी मधलं बोट ठेवलं, तेच जोर नसलेलं बोट. दाबलं असंही म्हणता येणार नाही, नुसतं ठेवलं. उजव्या हातानं छेडलं. सूर आला. भरलेला, गोल, पूर्ण सूर आला, आणि तो बराच वेळ टिकून राहिला, कारण त्या जड पितळेनं तार पूर्वीपेक्षा घट्ट धरली होती. बाबूजींनी स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवला आणि तो सूर संपेपर्यंत काढला नाही.

आता माझी नात असल्या वस्तू फोनवरून मागवते आणि दोन दिवसांत खोकं दारात येतं. मध्ये तिनं विचारलं, "आजी, तुझ्या गिटारला हा जुनाट ब्रिज का ठेवलाय? बदलून देऊ?" मी नको म्हटलं. तो अजून बेस आहे, दोन्ही अर्थांनी. थंडीत करंगळी दुखते, तिच्यानं काहीच होत नाही. मी दोन बोटांवरच वाजवायला शिकले आणि जिथं तिसरं लागतं तिथं तारेवरून सरकते. ऐकणाऱ्याला ती माझी खास लकब वाटते. वाटू द्यावी.

त्या वर्षीच्या मंडईच्या दिवशी शेजारच्या गावात सकाळपासून माणसांचा पूर. एका टोकाला दंडारीचं नाटक, दुसऱ्या टोकाला बांगड्यांची आणि गोडशेवेची दुकानं, आणि मधल्या मैदानात लाकडी खाटांवर फळ्या टाकून केलेलं आमचं स्टेज. वर ऊन. मामानं मला बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं आणि कीबोर्डची वायर उगाच तीनदा तपासली. "होईन ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "चालू तं कर." पहिलं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं गेलं. जिथं भीती होती ती जागा आली, दोन बोटं सरकली, सूर किंचित उशिरा पोचला, पण पोचला. ढोलकवाल्यानं मागं वळून बघितलं आणि हसून त्या उशिराला ठेका दिला. गाणं संपलं. मामा शाबास वगैरे काही म्हणाला नाही. तो नेहमीसारखा माझ्याकडे बघून पुढच्या गाण्याचे आकडे मोजायला लागला, एक, दो, तीन, आणि मला कळलं की माझी जागा माझीच आहे.

बाबूजी स्टेजच्या बाजूला, स्पीकरजवळ, हात मागं बांधून शेवटपर्यंत उभे होते. त्या दिवशी त्यांनी बैल बघायला आलोय असं कुणालाही सांगितलं नाही.

परतताना गावातल्या एका दादाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली मिळाली. सूर्य बांध्यांच्या पलीकडे टेकला होता, कापलेल्या धानाचा वास येत होता, रस्ता खड्ड्यांचा. ट्रॉलीत आम्ही तिघं आणि गिटार. थोडं पुढं गेलो आणि बाबूजींचं डोकं हळूहळू कलंडून मायच्या खांद्यावर आलं. तोंड उघडं, टोपी घसरलेली. ट्रॉली आदळत होती, ट्रॅक्टर भडभडत होता आणि ते गाढ झोपले होते. मी त्यांना हलवायला गेले, कारण मला वाटलं मान दुखेल.

"राहू दे," माय हळूच म्हणाली. "तुह्या हाताले लागलं तवापासून हा मानूस झोपला नाई. रोज अंगनात फिरून राहाते. मले वाटे तुले मालूम असन."

मला मालूम नव्हतं. घर आलं. दादानं ट्रॅक्टर दाराशी उभा केला, मागं वळून बघितलं, मायनं त्याला खूण केली, आणि इंजिन बंद करून तो भल्या माणसासारखा किल्ली घेऊन पायीच आपल्या घरी गेला. इंजिन थांबलं तरी बाबूजी जागे झाले नाहीत. आत चूल पेटवायची होती, गाय हंबरत होती, दिवा लावायचा होता. आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच ट्रॉलीत बसून राहिलो.